बाथरूममधली बुरशी : औषध नंतर, आधी पाणी

आषाढ लागला की कोकणपट्टीतल्या आणि मुंबई-ठाण्याच्या घरांत बाथरूमच्या भिंती बदलायला लागतात. टाइलच्या सांध्यांतून काळे ठिपके वर येतात. बेसिनच्या कडेने भरलेल्या सिलिकॉनमध्ये काळी रेघ उतरते. छताच्या कोपऱ्यावर, जिथे हात पोहोचत नाही नेमकी तिथे, करडी-हिरवी झाक धरते. दिवाळीच्या साफसफाईत ती घासून निघते आणि पुढच्या पावसात परत येते. बहुतेक घरांनी हे मुकाट्याने स्वीकारलेलं असतं. ज्यांनी स्वीकारलेलं नसतं ते दर वर्षी नवी बाटली आणतात.

या विषयावर सल्ल्यांचा तुटवडा नाही. अडचण अशी आहे की त्यातले बरेचसे थंड देशांत, तिथल्या घरांसाठी तयार झालेले आहेत आणि ते जसेच्या तसे आपल्याकडे सांगितले जातात. खिडकी उघडा, हवा खेळती ठेवा, व्हिनेगर फवारा, ब्लीच ओता. यातलं आपल्या हवेत काय चालतं, काय अर्धवट चालतं आणि कशाने उलट अपाय होतो, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगून ठेवतो. बाथरूममधली बुरशी हा मुळात पाण्याचा प्रश्न आहे, आणि आपण त्यावरचा जवळजवळ सगळा पैसा रसायनांवर घालवतो.

आधी भिंतीवर नेमकं काय आहे ते ओळखावं, कारण तिथला प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. बादलीच्या बुडाशी, मगाच्या कडेला, न्हाणीच्या जाळीभोवती गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर धरतो तो बहुतेक वेळा ‘सेराशिया मार्सेसेन्स’ नावाच्या जिवाणूचा असतो. तो घासल्यावर सहज निघतो. नळाखालचे पांढरे, खरखरीत डाग बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचे असतात. भिंतीवर कापसासारखी पांढरी भुकटी फुटली असेल आणि रंगाचे पोपडे निघत असतील, तर तो बहुधा लोणा असतो. भिंतीतून बाहेर येणाऱ्या पाण्याने आपल्याबरोबर आणलेले क्षार पृष्ठभागावर सुकतात, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. पाण्याचा थेंब टाकला की लोणा विरघळतो, बुरशी विरघळत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लोणा दिसला याचा अर्थ भिंतीच्या आत पाणी आहे, आणि तिथे पृष्ठभागावर काहीही फवारून उपयोग नाही.

उरलेले काळे, तपकिरी, हिरवट डाग बुरशीचे. जगभरच्या बाथरूममध्ये वारंवार सापडणाऱ्या बुरशी म्हणजे क्लॅडोस्पोरियम, ऑरिओबॅसिडियम आणि एक्सोफियाला. त्यांना टाइल खायची नसते, सिमेंटही खायचं नसतं. त्या जगतात आपल्या अंगावरून उतरलेल्या तेलावर, त्वचेच्या कणांवर आणि साबण-शाम्पूच्या अवशेषांवर. बाथरूममधल्या काही बुरशी शाम्पूतल्या फेस आणणाऱ्या घटकांवरही वाढतात, असं जपानमधल्या संशोधकांना आढळलं आहे. म्हणून रोज साबणाने धुतली जाणारी जागा आपोआप बुरशीमुक्त राहील ही समजूत टिकत नाही. साबण वापरल्यानंतर तो साध्या पाण्याने पूर्ण काढून टाकणं हेही कामच आहे.

नव्या घरात पहिली एक-दोन वर्षं सांधे पांढरेशुभ्र का राहतात, याचंही उत्तर इथेच आहे. ताजं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू बाराच्या वर असतो. त्यात बुरशीचा टिकाव लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत हा सामू खाली येतो, वर साबणाचा थर चढतो आणि सच्छिद्र सांध्यात बुरशीला घर मिळतं. जुन्या घरांना दर वर्षी चुन्याचा हात मारायची पद्धत होती, तिच्यामागेही हाच गुण होता. चुन्याची निवळी बुरशीला मारक असते आणि तिचा जोर वर्षभरात उतरतो, म्हणून दसऱ्या-दिवाळीला ती पुन्हा लागते. चुना सोडून आपण डिस्टेंपरवर आलो. भिंती गुळगुळीत झाल्या, पण डिस्टेंपरमधल्या चिकटवणाऱ्या आणि दाटपणा आणणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर बुरशीचं चांगलं पोषण होतं. बाथरूमच्या छताला साधं डिस्टेंपर लावणं ही मुंबईतल्या रंगकामातली नेहमीची चूक आहे.

अन्न आणि बीज दोन्ही बाथरूममधून कायमचे काढून टाकता येत नाहीत. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी. आपल्या हातात राहतं ते एकच, पाणी. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बहुतेक बुरशी वाढू शकतात. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली तर सहसा बुरशी धरत नाही, असं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं मार्गदर्शन सांगतं. पण बाथरूम रोज भिजतं. तेव्हा खरा प्रश्न असा की दिवसातले किती तास ते ओलं राहतं? नेदरलँड्समधल्या ओलाफ अडान यांनी १९९४ साली आपल्या प्रबंधात नेमकं हेच तपासलं. पृष्ठभाग दिवसातल्या निम्म्याहून कमी वेळ ओला राहिला तर बुरशीची वाढ मंद असते, निम्म्याच्या पुढे गेला की ती झपाट्याने वाढते. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत कामाचा निष्कर्ष वाटतो. बाथरूम चोवीस तास कोरडं ठेवणं कुणालाही जमणार नाही. बारा तास कोरडं ठेवणं जमू शकतं.

आता आपल्या हवेकडे येऊ. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बाहेर ५ अंश तापमान आणि दाट धुकं असलं, तरी त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम ७ ग्रॅम वाफ असते. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत घसरते आणि एकेक घनमीटर हवा आणखी १० ग्रॅम पाणी उचलू शकते. तिथे खिडकी उघडा हा सल्ला अचूक आहे. मुंबईत जुलैमध्ये बाहेरची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असते. तिच्यात प्रति घनमीटर २३ ग्रॅम वाफ आधीच आहे, आणि २७ ग्रॅमला ती पूर्ण भरते. म्हणजे तिच्यात जागा उरते फक्त ४ ग्रॅमची.

पाच बाय आठ फुटांच्या आणि नऊ फूट उंचीच्या बाथरूममध्ये साधारण १० घनमीटर हवा मावते. पावसाळ्यात ती सगळी हवा पूर्ण भरेपर्यंत फार तर ४० मिलिलिटर पाणी उचलेल, म्हणजे अर्धा कपसुद्धा नाही. उलट आंघोळीनंतर फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर पाव मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर राहिला, तर चार चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी होतं. चार माणसांच्या घरात सकाळी सहापासून आंघोळी, मग भिजवलेले कपडे, मग कपडे धुणं, आणि नऊ वाजता सगळे बाहेर. दार ओढलेलं, खिडकी पावसाच्या झोतामुळे बंद. ते लिटरभर पाणी संध्याकाळपर्यंत तिथेच असतं.

या हिशेबातून निघणारा उपाय साधा आहे. पाणी हवेत सोडून सुकवायचं नाही, ते पाणी असतानाच न्हाणीत ढकलायचं. शेवटच्या आंघोळीनंतर आधी भिंतींवरून आणि मग फरशीवरून रबरी वायपर फिरवला, की जे पाणी सुकायला दिवस लागला असता त्यातलं बहुतेक दोन मिनिटांत निघून जातं. भिंतीसाठी हातात मावणारा लहान वायपर वेगळा ठेवावा. सिलिकॉनच्या कडा, बेसिनचा मागचा काठ, साबणदाणीखालची जागा फडक्याने पुसावी. बादल्या पालथ्या घालाव्यात, प्लास्टिकचं स्टूल आणि पायपुसणं बाहेर काढावं. पावसाळ्यात कपडे बाथरूममध्ये वाळत घालणं थांबवता आलं तर फारच चांगलं. मशीनमधून पिळून काढलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातही दीड-दोन लिटर पाणी असू शकतं, आणि ते सगळं त्याच बंद हवेत उतरतं. लहान घरांत दुसरी जागा नसते हे मान्य आहे. तिथे कपडे घरातल्या पंख्याखाली दोरीवर घालणं बाथरूममध्ये कोंबण्यापेक्षा बरं, कारण मोठ्या खोलीत तेच पाणी बऱ्याच जास्त हवेत पसरतं.

यानंतर एक्झॉस्ट फॅन. पंखा बसवूनही बुरशी का जात नाही, अशी तक्रार बऱ्याच घरांत असते आणि तिचं कारण बहुधा दारात सापडतं. पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा आत यायला वाट लागते. बाथरूमचं दार उंबऱ्याला घट्ट बसत असेल तर पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा जवळजवळ हलत नाही. दाराखाली बोटभर फट हवी किंवा दारात झडप हवी. दुसरी चूक याच्या उलट आहे. पंख्याच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवली तर पंखा त्या खिडकीतली हवा ओढून परत बाहेर टाकतो आणि समोरच्या कोपऱ्यातली ओली हवा जागच्या जागी राहते. पंखा एका बाजूला आणि हवेची वाट त्याच्या समोरच्या बाजूला, असं असायला हवं.

थंड देशांत आंघोळीनंतर २० मिनिटं पंखा चालवायला सांगतात. आपल्या पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. पंखा ताशी शंभर घनमीटर हवा खरोखर बाहेर टाकत असेल, तरी जुलैत त्याला कागदावरही एक लिटर पाणी न्यायला अडीच तास लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. जानेवारीत पुण्याच्या कोरड्या हवेत तेच काम याच्या निम्म्याहून कमी वेळात होतं. म्हणून वायपर फिरवून झाल्यावरही पावसाळ्यात पंखा तासन् तास चालू द्यावा. घरगुती सहा इंची पंखा ३०-४० वॅट वीज घेतो. तो दहा तास चालला तरी अर्ध्या युनिटपेक्षा कमी जळतं. वीज वाचवण्यासाठी पंखा लगेच बंद करणारी घरं रंगकामावर त्याच्या कितीतरी पट खर्च करतात.

मुंबईतल्या अनेक इमारतींत बाथरूमची झडप डक्टमध्ये उघडते. डक्ट म्हणजे सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप जिथून जातात तो उभा बोळ. त्याच्या तळाशी कचरा साचून पाणी तुंबलेलं असेल किंवा एखादा पाइप वर्षानुवर्षं गळत असेल, तर तिथली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही ओली असते आणि एकट्या घराने पंखा लावून फारसा फरक पडत नाही. डक्ट साफ करून घेणं हे सोसायटीचं काम आहे आणि ते मे महिन्यात व्हायला हवं. एसीचीही एक बाजू आहे. बेडरूम रात्रभर २२ अंशांवर असेल तर बाथरूमशी असलेली सामाईक भिंत गार पडते. जुलैतल्या हवेला २५ अंशांवरच दव सुटतं, त्यामुळे त्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने घाम येतो. इतर भिंती स्वच्छ आणि नेमकी हीच काळी, असं असेल तर एसीचं तापमान २६-२७ वर आणून पाहावं.

जुनी न्हाणीघरं अंधारी होती, तरी तिथे आजच्यासारखी बुरशी माजत नसे, असं वडीलधारी माणसं सांगतात. त्यात तथ्य असावं. कोकणातली न्हाणी बहुधा घराच्या कडेला, वरून किंवा बाजूने उघडी असे. पाणी तापवायला तिथेच चूल पेटे आणि तिची धग तासन् तास भिंतींना लागे. वाड्यांमधल्या मोरीत शहाबादी किंवा कडाप्याची फरशी, चुन्याच्या भिंती आणि भरपूर ढाळ असे. त्या घरांच्या दुसऱ्या गैरसोयी पुष्कळ होत्या, विशेषतः त्या चुलीचा धूर सोसणाऱ्या बायकांसाठी. पण उष्णता, चुना आणि उघडी हवा या तीन गोष्टी आपण एकदम काढून घेतल्या, आणि त्यांच्या जागी फक्त एक सहा इंची भोक ठेवलं.

आतापर्यंत बोललो ते आंघोळीच्या पाण्याविषयी. ज्या भिंतीवर आंघोळीचं पाणी उडतच नाही तिथे बुरशी धरली असेल, तर गोष्ट गळतीची असू शकते. ओळखायची एक सोपी रीत आहे. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर हातभर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवावं आणि दोन दिवसांनी पाहावं. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला पाणी धरलं असेल तर ते हवेतलं आहे. भिंतीकडच्या बाजूला धरलं असेल तर ते भिंतीतून येतं आहे.

भिंतीतून येणाऱ्या पाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या न्हाणी ट्रॅपचा सांधा सुटतो. फरशीखालचा ब्रिकबॅट कोबा तडकतो किंवा मुळातच नीट घातलेला नसतो. भिंतीत दाबलेला गरम पाण्याचा पाइप झिरपतो. बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाऊस आत येतो. फरशीचा ढाळ चुकला असेल तर न्हाणीपासून दूरच्या कोपऱ्यात पाणी साचतं आणि सांध्यांतून खाली उतरतं. यातलं काहीही असलं तरी उपाय प्लंबरचा आणि गवंड्याचा आहे. न्हाणी बंद करून, फरशीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास साठवून, खालच्या घरातलं छत बघणं ही जुनी चाचणी आजही उत्तम आहे.

खर्च कोणी करायचा यावरून शेजाऱ्यांमध्ये अबोला धरला जातो, तेव्हा नियम माहीत असलेला बरा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपलाइन यांच्यामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते. संडास, बाथरूम, सिंक यांच्यातून होणारी अंतर्गत गळती त्या त्या सदनिकाधारकाने संस्थेला कळवून स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. खालच्या घराच्या छतावर बुरशी आली तर वरच्या घराची जबाबदारी टळत नाही. आमच्या घरात तर काहीच दिसत नाही, हे वरच्यांचं म्हणणं बहुधा खरं असतं, पण पाणी खालीच उतरतं.

गळती असताना तो भाग झाकून टाकणं हा आपल्याकडचा सर्वांत महागडा उपाय आहे. छताला डाग पडला की त्याखाली पीव्हीसी पट्ट्यांचं किंवा जिप्समचं खोटं छत ठोकून देतात. जिप्सम बोर्डाला दोन्ही अंगांनी कागद असतो, आणि सतत भिजणाऱ्या कागदावर धरणारी ‘स्टॅकिबोट्रिस’ ही काळी बुरशी टाइलवर क्वचित दिसते, पण अशा ठिकाणी माजते. बाथरूममध्ये कागदी आवरणाचा बोर्ड नकोच.

हे सगळं झाल्यावर औषधाकडे वळावं. टाइल, काच, चिनी माती अशा पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागावर साबणाचं पाणी आणि कडक ब्रश एवढं बहुतेक वेळा पुरतं. बुरशी मारण्यापेक्षा ती तिथून काढून टाकणं महत्त्वाचं आहे, कारण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी उठवतात. म्हणूनच अमेरिकेची पर्यावरण संस्था बुरशीसाठी सरसकट ब्लीच वापरायला सांगत नाही. सांध्यांतला काळा डाग घासूनही राहिला तर सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण लावता येतं. चार लिटर पाण्याला एक कपापेक्षा जास्त ब्लीच घालू नये. आधी साबणाने घासून, धुऊन, मगच हे लावावं, कारण मळाशी गाठ पडली की हायपोक्लोराइटची शक्ती मळातच संपते. बाटली ताजी असावी, कपाटात वर्षभर पडलेल्या ब्लीचमध्ये फारसा दम राहत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड हा कमी वासाचा पर्याय आहे. ते लावून दहा मिनिटं थांबावं आणि घासावं.

व्हिनेगरची स्तुती जरा जास्तच होते. काही बुरशींवर ते चालतं, काहींवर मुळीच चालत नाही. शिवाय ते आम्ल आहे. संगमरवर, कोटा, शहाबादी या चुनखडीच्या दगडांची चकाकी त्याने जाते आणि सिमेंटचे सांधेही हळूहळू खचतात. टॉयलेट क्लीनरने टाइलचे सांधे पांढरे करणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. सांधा पांढरा दिसतो कारण त्याचा वरचा थर विरघळलेला असतो. राहिलेला सांधा अधिक खडबडीत, अधिक सच्छिद्र होतो आणि पुढच्या पावसात तिथे बुरशी आणखी खोल जाते.

सिलिकॉनच्या आत उतरलेली काळी रेघ कशानेही निघत नाही. त्यातलं बुरशीरोधक द्रव्य काही वर्षांत धुऊन गेलेलं असतं. ती पट्टी ब्लेडने कापून काढावी, जागा एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्यावी आणि बाथरूमसाठीचं सिलिकॉन नव्याने भरावं. सांधे फारच खराब झाले असतील तर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावं. ते पांढऱ्या सिमेंटच्या कितीतरी पट महाग पडतं, पण पाणी शोषत नाही, आणि त्यावर बुरशी आली तरी पुसून निघते. पैसे मर्यादित असतील तर सगळ्या बाथरूमला न करता शॉवरखालच्या भिंती आणि फरशी एवढंच करावं. बुरशीरोधक रंग कोरड्या, स्वच्छ भिंतीवर लावला तर काही वर्षं काम देतो. ओल्या भिंतीवर किंवा जुन्या बुरशीवर मारला तर एका पावसात सोलून निघतो.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते हायपोक्लोराइटला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरशी ब्लीच मिसळलं तरी विषारी क्लोरामाइन तयार होतात. व्हिनेगर आणि ब्लीच हेही एकत्र नको. अनेक घरांत हे काम घरकामाला येणाऱ्या मावशी करतात, आणि त्यांच्या हातात दोन बाटल्या देऊन ‘जरा नीट घासा’ एवढंच सांगितलं जातं. बाटलीवरच्या बारीक अक्षरांतल्या सूचना बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. एका दिवशी एकच द्रव्य द्यावं. हातमोजे, मास्क आणि चश्मा द्यावा. खिडकी-दार उघडं ठेवावं. डोळे चुरचुरायला लागले की सगळं सोडून बाहेर यायचं, हे त्यांना आधी सांगावं. तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठी जागा बुरशीने भरली असेल तर ते घरच्या माणसाचं किंवा मावशींचं कामच नव्हे, माहितगाराला बोलवावं.

आरोग्याच्या बाबतीत दोन टोकं दिसतात, पूर्ण दुर्लक्ष किंवा घबराट. शास्त्र काय म्हणतं ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २००९ साली उपलब्ध संशोधन तपासलं. घरातली ओल आणि बुरशी यांचा खोकला, घशात घरघर, दमा वाढणं यांच्याशी संबंध आहे, यावर दोघांचं एकमत झालं. हवेत इतके बीजाणू असले तर सुरक्षित, अशी कोणतीही मर्यादा मात्र ठरवता आली नाही. म्हणून घरातली बुरशी कोणत्या जातीची आहे याची महागडी तपासणी करून घेण्यात सहसा अर्थ नसतो. जात कोणतीही निघाली तरी करायचं तेच आहे.

‘विषारी काळी बुरशी’ या भीतीचा उगम बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये आहे. १९९३-९४ मध्ये तिथे दहा तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि संशय स्टॅकिबोट्रिसवर गेला. पुढे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानेच आपल्या अभ्यासाची फेरतपासणी केली आणि हा संबंध सिद्ध होत नसल्याचं २००० साली जाहीर केलं. आपल्याकडे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला काळी बुरशी म्हटलं गेलं, तेव्हा बाथरूमच्या भिंतींकडेही लोक धास्तीने पाहू लागले. तो आजार वेगळ्याच गटातल्या बुरशींमुळे होतो. काळं पडतं ते रुग्णाचं मेलेलं ऊतक. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही त्यामागची मुख्य कारणं होती. टाइलच्या सांध्यातली काळी रेघ म्हणजे म्युकर नव्हे. पण घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ, केमोथेरपी घेणारं किंवा अवयवरोपण झालेलं माणूस असेल तर भिंतीवरची बुरशी साधीही समजू नये. अशा माणसाने ती साफ करायला मुळीच जाऊ नये, साफसफाई चालू असताना घरातही थांबू नये.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रॉचडेलची घटना माहीत असेल. डिसेंबर २०२० मध्ये तिथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा वारला. सामाजिक गृहनिर्माण संस्थेच्या त्याच्या घरात बाथरूमसह सगळीकडे बुरशी होती आणि त्याचे आईवडील २०१७ पासून तक्रार करत होते. त्यांना रंग मारून घ्यायला सांगण्यात आलं. कुटुंब मूळचं सुदानचं, त्यामुळे त्यांच्या राहणीला आणि आंघोळीच्या पद्धतीला दोष देण्यात आला. हे गृहीतक चुकीचं होतं, अशी कबुली संस्थेने नंतर दिली. बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे हा मृत्यू झाला, असा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने दिला. त्यातून अवाबचा कायदा आला. तो २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. आता तिथल्या सामाजिक घरमालकांना तातडीच्या धोक्यावर २४ तासांत कारवाई करावी लागते आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी १० कामकाजाच्या दिवसांत करावी लागते. बादलीने आंघोळ करणाऱ्या कोणत्याही घराला या घटनेतून एक गोष्ट कळते. घरात पाणी कुठून येतं आहे हे न तपासता रहिवाशाच्या सवयींवर बोट ठेवणं फार सोपं असतं.

आपल्याकडे बुरशीसाठी वेगळा कायदा नाही, पण हत्यार आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला, तर बिल्डरने तो कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगमधून होणारी गळती हा कामाच्या दर्जातला दोष आहे. नव्या घरात पहिल्याच पावसात बाथरूमच्या भिंतीवर लोणा किंवा काळे डाग दिसले तर ते पुसायच्या आधी तारखेसह फोटो काढा, फॉइलची चाचणी करा आणि बिल्डरला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही. पाच वर्षांची मुदत उलटलेल्या घरांनी फरशी उखडायचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढावं. नव्या कोब्याला आणि गिलाव्याला पाऊस येण्याआधी पूर्ण सुकायला निदान काही आठवडे लागतात, आणि मेअखेरीस घाईने बुजवलेलं बाथरूम पुढच्या आषाढात पुन्हा काळं पडतं.